खेळ येणार कधी, चालणार कशावर?

वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ गेम्स, जानेवारी २०२६

या वेळच्या बहुतेक पत्रांत नव्या वर्षातल्या खेळांची यादी आहे आणि यादीखाली खर्चाचा प्रश्न. तेव्हा कोणता खेळ भारी ठरेल याचं भाकीत न करता कुठे पैसे घालायचे, कुठे थांबायचं आणि घरी आजच काय करून ठेवता येईल, एवढंच पाहू.

प्रश्न : जीटीए ६साठी वर्षभर पैसे साठवतोय. आता पीसी जोडून घेऊ, पीएस ५ घेऊ, की अजून थांबू? (सांगली)

या एका खेळासाठी तरी पीसीचा विचार बाजूला ठेवा. रॉकस्टार या कंपनीने जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतला नवा खेळ) जाहीर केलाय तो पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५) आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी. पीसीचं नाव त्यात नाही. कंपनीची ही जुनी रीत आहे. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८मध्ये कन्सोलवर, तर पीसीवर नोव्हेंबर २०१९मध्ये. म्हणजे कमीत कमी वर्षभराची वाट. तोच हिशोब याही वेळी लागला, तर आज घेतलेलं ग्राफिक्स कार्ड खेळ येईपर्यंत दोन वर्षं जुनं झालेलं असेल.

आता तारीख. आधी २०२५ची अखेर सांगितली होती, मग २६ मे २०२६, आणि सध्या १९ नोव्हेंबर २०२६. दोनदा सरकलेली तारीख कॅलेंडरवर पेन्सिलीनेच लिहावी.

पीएस ५ आजच घ्यायचा का, हे जीटीएवर नव्हे तर मधल्या अकरा महिन्यांवर ठरवा. २७ फेब्रुवारीला रेसिडेंट इव्हिल रेक्विएम आहे (मराठी भाषा गौरव दिनाला झॉम्बी!), ३० एप्रिलला सारोस आणि वर्षाच्या उत्तरार्धात मार्व्हलचा वुल्व्हरिन. यातले दोन-तीन खेळ खरोखर खेळणार असाल तर आत्ता घ्या. नाहीतर थांबा, कारण कन्सोलची वॉरंटी एक वर्षाची असते. जानेवारीत घेतलेलं मशीन कपाटात ठेवलं, तर जीटीए येईल तेव्हा वॉरंटीचे जेमतेम दोन महिने उरलेले असतील. शिवाय यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीचे सेल खेळाच्या थोडे आधीच येतात. मधल्या काळात भाव वाढण्याचा धोका आहे हे खरं, पण नुसत्या त्या भीतीने खरेदी करू नये असं आमचं मत.

डिस्कवालं मॉडेल घ्यावं. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राला देता येते. डिजिटल स्लिम (डिस्कची खाच नसलेला सडपातळ पीएस ५) आधीच घेतला असेल तर त्याला डिस्क ड्राइव्ह वेगळा मिळतो आणि हाताने बसतो. फक्त पहिल्यांदा जोडताना कन्सोल इंटरनेटवर असावा लागतो.

प्रश्न : प्री-ऑर्डर केल्यावर पैसे परत मिळतात का? नियम प्रत्येक दुकानाचे वेगळे दिसतात. (ठाणे)

वेगळेच आहेत, आणि नुकसान होतं ते या फरकातच.

स्टीमवर (पीसीचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) खेळ प्रकाशित होईपर्यंत प्री-ऑर्डर केव्हाही रद्द करता येते. प्रकाशनानंतर नेहमीचा नियम लागतो : १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी. यात एक खाच आहे. महागड्या डिलक्स आवृत्तीत 'तीन दिवस आधी खेळा' अशी सवलत असते. त्या आगाऊ दिवसांत खेळलेला वेळही दोन तासांत धरला जातो. काही खेळ सुरुवातीलाच शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करण्यात दहा-पंधरा मिनिटं घालवतात, तीही खेळ चालू असल्याचाच वेळ म्हणून मोजली जातात. म्हणून पहिल्या तासात कथा सोडा आणि खेळाची चाचणी घ्या : शहरातली गर्दी, पाऊस, मोठी लढाई. मशीन अडखळत असेल तर ते तिथेच कळेल.

प्लेस्टेशन स्टोअर जास्त कडक आहे. पैसे भरल्यापासून १४ दिवसांत परतावा मागता येतो, पण खेळ डाउनलोड किंवा स्ट्रीम करायला सुरुवात केली नसेल तरच. प्रकाशनाच्या १४ दिवसांहून आधी केलेली प्री-ऑर्डर प्रकाशनाच्या दिवसापर्यंत रद्द करता येते. तेव्हा प्री-ऑर्डर केलीच तर ऑटो डाउनलोड बंद ठेवा. आपण झोपेत असताना कन्सोलने आपोआप उतरवलेला खेळ परताव्याच्या आड येऊ शकतो.

आणि डिजिटल खेळाची प्री-ऑर्डर करायचीच कशाला? माल संपत नाही. मिळतं काय, तर एखादा पोशाख किंवा तलवारीचा वेगळा रंग. सायबरपंक २०७७ आठवा. तीनदा पुढे ढकलून तो १० डिसेंबर २०२०ला आला. पीएस ४वर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवड्याभरात तो स्वतःच्या स्टोअरवरून काढला आणि जून २०२१मध्येच परत ठेवला. पुढे तोच खेळ उत्तम झाला, पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजलेल्यांना त्याचा काय उपयोग?

प्रश्न : माझ्याकडे आय ५ ८४००, जीटीएक्स १०६० ६ जीबी, १६ जीबी डीडीआर ४ आणि विंडोज १० आहे. २०२६चे खेळ यावर चालतील का? काय बदलू? (छत्रपती संभाजीनगर)

छोटे आणि मध्यम खेळ चालतील. मोठ्या खेळांच्या बाबतीत मात्र आता प्रश्न वेगाचा राहिलेला नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (२०२४) आणि डूम : द डार्क एजेस (२०२५) या दोन्ही खेळांत रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याची पद्धत) बंद करण्याची सोयच नाही; किमान ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स २०६० सुपर आहे. तुमच्या कार्डात ते हार्डवेअरच नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणली तरी उपयोग नाही. त्यातून तुमचं कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडियाने १०६०च्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर थांबवले आहेत. आता २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. तेव्हा आधी कार्ड बदला.

पण दुकानदार हातात देईल ते घेऊ नका. तुमचा मदरबोर्ड पीसीआयई ३.० (कार्ड जोडण्याच्या खाचेची जुनी पिढी) आहे. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं त्या खाचेतल्या सोळापैकी फक्त आठ लेनवर, म्हणजे डेटाच्या वाटांवर, चालतात. नव्या बोर्डावर त्याने फरक पडत नाही, तुमच्या बोर्डावर मात्र कार्ड आणि रॅममधला रस्ता निम्मा होतो. कार्डात ८ जीबीच मेमरी असेल आणि खेळाला त्याहून जास्त लागली, तर उरलेला डेटा याच अरुंद रस्त्याने ये-जा करतो आणि चित्र अडखळू लागतं. सरासरी फ्रेम-रेट ठीक दिसतो, तरी वळताना झटका बसतो तो यामुळे. तुमच्यासाठी सोळा लेनचं आणि १६ जीबी मेमरीचं कार्ड बरं, उदाहरणार्थ आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. इंटेलचं बी ५८० स्वस्त दिसेल, पण त्याला बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा पर्याय) हवाच. आठव्या पिढीच्या अनेक बोर्डांवर तो नसतो, आणि त्याशिवाय हे कार्ड फार मंदावतं.

विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून तीन गोष्टी पाहा : पॉवर सप्लायच्या लेबलवरचे वॅट (नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा हवा), कार्डासाठीची आठ पिनांची मोकळी वायर, आणि कार्ड बसेल इतकी लांबी. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वायरीवरून) आठ पिन करणारा स्वस्त जोड वापरू नका, तो वितळू शकतो.

रॅमकडे सध्या पाहूच नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुमचे १६ जीबी आहेत ते पुरवून वापरा. मात्र ते ८ अधिक ८ असे दोन कांड्यांत आहेत ना, हे बघा. एकच १६ची कांडी असेल तर प्रोसेसरला मिळणारी मेमरीची गती निम्मी असते. अशा वेळी जुन्या बाजारातून तशीच दुसरी शोधणं परवडेल. डीडीआर ५ तुमच्या बोर्डात बसणार नाही.

विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आठव्या पिढीचा आय ५ विंडोज ११ला चालतो, त्यामुळे बदल करायला हरकत नाही. तो करताना सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लावून घ्या. बॅटलफील्ड ६ आणि कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ७ या दोन्हींना ते आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि ऑनलाइन नेमबाजीचे पुढचे खेळही हीच वाट धरतील असं दिसतं.

क्रम चुकवू नका. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. 'बायॉस मोड' समोर यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तर बरंचसं काम झालेलंच आहे. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणीची आहे. अशा वेळी थेट बायॉसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केलं की मशीन विंडोजपर्यंत पोचतच नाही, आणि लोक घाबरून सगळं फॉरमॅट करतात. तशी वेळ आली तर फक्त सीएसएम परत चालू करा. योग्य रीत अशी : आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहा आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा, मग मायक्रोसॉफ्टच्याच एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने प्रथम तपासणी आणि ती पार पडल्यावर रूपांतर, त्यानंतर बायॉसमध्ये सीएसएम बंद, इंटेल पीटीटी (इंटेलचं टीपीएम) चालू, सिक्युअर बूट चालू. काही बोर्डांवर सिक्युअर बूट 'एनेबल्ड' दिसतं, पण विंडोजमध्ये 'ऑफ'च राहतं. तिथे बायॉसमधल्या फॅक्टरी कीज भरायच्या राहिलेल्या असतात.

प्रश्न : पहिल्या मॉडेलचा पीएस ५ आहे, जागा कायम भरलेली. बाहेरून यूएसबी हार्ड डिस्क लावून भागेल का? (कोल्हापूर)

अर्धंच भागेल. यूएसबी डिस्कवर पीएस ५चे खेळ ठेवता येतात, खेळता येत नाहीत. खेळायच्या वेळी ते आत आणावे लागतात. पीएस ४चे खेळ मात्र तिथूनच चालतात. म्हणून पहिला फुकटचा उपाय : पीएस ४चे सगळे खेळ बाहेर काढा. तुमच्या ८२५ जीबीतले वापरायला मिळतात साधारण ६६७, आणि मोठा खेळ सहज शंभरच्या वर जातो.

खरा उपाय आत एम.२ एसएसडी (छोट्या पट्टीच्या आकाराची वेगवान डिस्क) बसवण्याचा. घेताना पाहायचं ते असं : एनव्हीएमई, चौथी पिढी, वाचनाचा वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, आकार २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब), आणि हीटसिंक (उष्णता घालवणारी धातूची पट्टी) हवाच. हीटसिंक धरून एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी. पीसीसाठीचे उंच, नक्षीदार हीटसिंक इथेच फसतात, झाकण लागत नाही. साटा या जुन्या, मंद प्रकारची एम.२ दिसायला सारखीच असते, पण चालत नाही.

बसवण्याआधी कन्सोलचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. मग पूर्ण बंद करा. रेस्ट मोड नव्हे. वायरी काढा, थंड होऊ द्या, स्टँड काढून बाजूचं झाकण सरकवा. आतल्या लांबट झाकणाचा स्क्रू काढला की खाच दिसते. तिथे टोकाला एक स्क्रू आणि त्याखाली छोटी कडी असते. ही कडी उचलून तुमच्या एसएसडीच्या लांबीच्या, म्हणजे ८०च्या भोकावर ठेवायची. बहुतेकांचं चुकतं ते इथेच : कडी जुन्याच जागी राहते, स्क्रू हवेत लागतो आणि पट्टी वाकते. एसएसडी तिरपी धरून पूर्ण आत सरकवा, आडवी दाबा, स्क्रू बेताने कसा. सुरू करताच कन्सोल फॉरमॅट करायला सांगेल. त्यात एसएसडीवरचं सगळं जातं. शेवटी सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली नवे खेळ कुठे बसवायचे ते बदला, नाहीतर पुढचा खेळ पुन्हा जुन्या जागेतच शिरतो.

प्रश्न : खेळ भारतात नेमका किती वाजता सुरू होतो? ४० एमबीपीएसवर किती तास धरू? (पुणे)

कन्सोलवर पुष्कळदा स्थानिक मध्यरात्री. स्टीमवर अनेक खेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी १० वाजता उघडतात, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री ११:३०, उन्हाळ्यात १०:३०. तिथलं घड्याळ यंदा ८ मार्चला पुढे जातं आणि १ नोव्हेंबरला मागे येतं. पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्र ठरवली असेल तर आपले सकाळचे १०:३० किंवा ९:३०. खेळाच्या पानावर उलटी मोजणी असते, ती सगळ्यात खात्रीची.

१०० जीबीला ४० एमबीपीएसवर साडेपाच तास लागतात, तेही वेग टिकला तर. शक्य असेल तर लॅनची वायर लावा. प्री-लोड (प्रकाशनाआधीच डाउनलोड) मिळत असेल तर आदल्या दिवशी उतरवा, पण स्टीमवरचा प्री-लोड कुलूपबंद असतो. वेळ झाली की तो उघडताना डिस्क बराच वेळ गुंतते आणि वरची मोकळी जागाही लागते. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम इतकं रेंगाळतं की नव्याने डाउनलोड केलेलं बरं वाटावं. सारोस ३० एप्रिलच्या गुरुवारी येतोय आणि १ मेची सुट्टी शुक्रवारी. प्री-लोड बुधवारीच उरका.

प्रश्न : आमच्याकडे वीज सारखी जाते. घराला इन्व्हर्टर आहे, तरी वीज गेली की पीसी बंद पडतो, टीव्ही मात्र चालू राहतो. असं का? (यवतमाळ)

कारण इन्व्हर्टर वीज बदलायला घेतो तो क्षण पीसीला लांब पडतो. पॉवर सप्लाय साठवलेल्या विजेवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे बहुतेक वेळा एक बटण असतं : एकीकडे यूपीएस, दुसरीकडे नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर बदलाला जास्त वेळ लागतो, यूपीएसवर तो साधारण १० मिलिसेकंदांपर्यंत येतो. बटण यूपीएसवर करा, अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

त्याचा तोटाही आहे. यूपीएसवर इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत काटेकोर होतो. साधारण १८०च्या खाली गेलं की लगेच बॅटरीवर जातो. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या भागात त्यामुळे बॅटरी दिवसभर घासली जाते. तिथे खेळायच्या वेळेपुरतं यूपीएस आणि एरवी नॉर्मल ठेवा.

दुसरी शक्यता इन्व्हर्टरच्या विजेच्या लाटेच्या आकाराची. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगल्या पॉवर सप्लायचा ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारा भाग) गडबडतो. गुणगुण येते किंवा मशीन बंद पडतं. प्युअर साइन वेव्ह हवा. पीएस ५ खेळताना सुमारे २०० वॅट घेतो. त्यात टीव्हीचे शंभर धरले तर १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर तीनेक तास निघतात, बॅटरी जुनी असेल तर निम्मेच. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बॅकअपवर आहेत ना, तेही पाहा. एकच असेल तर ऑनलाइन सामना तुटणारच.

वीज गेल्यानंतर पीएस ५ विचित्र वागू लागला तर पूर्ण बंद करा, पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत सुमारे ७ सेकंद दाबून ठेवा, कंट्रोलर वायरने जोडा आणि 'रीबिल्ड डेटाबेस' निवडा. त्याने खेळ पुसले जात नाहीत. त्याच यादीत 'रीसेट' आहे, त्याला हात लावू नका.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून येतोय. नातवाला निन्टेन्डोचा स्विच २ आणायचा म्हणतो. इथे चालेल ना? (एक आजी, डोंबिवली)

चालेल, आजी. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे. फक्त पिन बदलणारा साधा अडॅप्टर लागेल, ट्रान्सफॉर्मर नको. तिकडचे खेळही इथे चालतात. तीन गोष्टी मुलाला सांगा. बिल जपून ठेवायचं, कारण बिघडल्यास दुरुस्ती तिकडूनच करून घ्यावी लागेल. जादा मेमरी कार्ड घ्यायचं तर मायक्रोएसडी एक्सप्रेस लिहिलेलंच घ्यायचं. साध्या कार्डावर स्विच २चे खेळ बसत नाहीत. आणि खेळाच्या डब्यावर पुढे खाली किल्लीचं चिन्ह असेल तर त्या कार्डात खेळ नसतो, नुसती परवानगी असते. इथे आल्यावर सगळा खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्ड आत ठेवावंच लागतं. नातू लहान असेल तर १२ फेब्रुवारीला येणारा मारिओ टेनिस फीव्हर चौघांनी मिळून खेळण्यासारखा आहे. तुम्हीही खेळा.

प्रश्न : ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली म्हणतात. मग मुलाने विकत घेतलेल्या खेळांचं काय? (नागपूर)

ऑगस्ट २०२५मधल्या केंद्राच्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर. खेळ विकत घेणं, महिन्याची वर्गणी भरणं आणि ई-स्पोर्ट्स या बंदीत येत नाहीत. खर्चाचीच चिंता असेल तर खेळातल्या खरेदीकडे लक्ष द्या : कन्सोलवर मुलाचं वेगळं खातं काढा, महिन्याची खर्चमर्यादा शून्य ठेवा आणि तुमच्या खात्याला पिन लावा. कार्ड सेव्ह करून ठेवू नका.

प्रश्न : आपल्याकडचं काही मोठं येतंय का? (रत्नागिरी)

राजी : कलियुग. २०२०मध्ये राजी : ॲन एन्शंट एपिक करणाऱ्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो २०२५मध्ये जाहीर केला. पहिल्या राजीत कॅमेरा दूर, वरून होता; या वेळी तो पात्राच्या पाठीमागे आहे आणि मारामारी अधिक जवळून दिसते. स्टीमवर विशलिस्टमध्ये टाका, पैसे पडत नाहीत. छोट्या स्टुडिओला त्या आकड्याचा मोठा उपयोग होतो, कारण प्रकाशकाशी बोलताना तोच दाखवला जातो. तोवर पहिला राजी सेलमध्ये घ्या. पाच-सहा तासांचा आहे आणि वरच्या संभाजीनगरच्या जीटीएक्स १०६०वरही सुरळीत चालतो.